हिशेबनिसांची संघटना कशासाठी?

आमच्या तालुक्याच्या गावी उपकोषागाराच्या व्हरांड्यात एक लाकडी फलक आहे. त्यावरचे हिरवे कापड विटून पांढरे पडले आहे आणि वरच्या पट्टीवर कर्मचारी संघटनेचे नाव रंगवलेले आहे. त्यावरचे कागद मी गेली तीन वर्षे वाचत आले आहे. महागाई भत्त्याची थकबाकी द्या. रिक्त पदे भरा. जुनी पेन्शन लागू करा. अमुक तारखेला द्वारसभा, तमुक तारखेला सेवानिवृत्त होणाऱ्या सभासदांचा सत्कार. सत्काराचा कागद तेवढा दोन रंगांत असतो.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोषागार, देयके, लेखाशीर्षे अशा भारदस्त विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच, की त्या व्हरांड्यातील बाकावर मी आईबरोबर पुष्कळ बसले आहे. वाणिज्य शाखेच्या मित्रांनी हिशेबातल्या चुका पोटात घालाव्यात.

माझे वडील एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. १९९८ साली ते नोकरीस लागले. कार्यालयाची देयके कापडी पिशवीत घालून कोषागारात न्यावयाची आणि टोकन घेऊन परत यावयाचे, हे त्यांच्या कामांपैकी एक. पुढे बरेचसे काम संगणकावर गेले, तरी कागद न्यावे लागतच. बाबा सातवीपर्यंत शिकलेले, पण देयकाचा प्रवास त्यांना तोंडपाठ होता. एकाने देयक तयार करावयाचे, दुसऱ्याने त्यावर सही करावयाची, तिसऱ्याने कोषागारात ते तपासावयाचे, आणि तपासणाऱ्याला शंका आली तर त्याने आक्षेप लिहून देयक परत करावयाचे. "एकट्या माणसाच्या हातात सगळं दिलं की झालंच म्हणून समज," असे बाबा म्हणत. पैसा कोणाच्याच घरचा नाही म्हणून तो चौघांच्या हातांतून जावा, हा सरकारी हिशेबाचा मूळ धडा मला पुस्तकाआधी असा घरीच मिळाला.

ऑगस्ट २०२२ मध्ये बाबा गेले. ते नोकरीत असतानाच गेले, त्यामुळे आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळावयाचे होते. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्या कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाही; बाबा त्याआधीचे, म्हणून आमचा हक्क स्पष्ट होता. अडचण निघाली ती आईच्या नावाची. सेवापुस्तकात एक नाव, रेशनकार्डावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे. फरक काय, तर एका ठिकाणी नावापुढे 'बाई' आणि एका ठिकाणी ऱ्हस्व वेलांटी! कागद परत आले. प्रतिज्ञापत्र करून दिले, तर ते अमुक नमुन्यात नाही म्हणून पुन्हा परत आले. तिसऱ्या वेळी काय चुकले ते कोणी सांगितलेच नाही, 'त्रुटी पूर्तता करावी' एवढाच शेरा. आई शेतावर मजुरीला जाई, आणि ज्या दिवशी कार्यालयात जाई त्या दिवसाची मजुरी बुडे. सात महिने असे गेले.

आणि मग मार्च २०२३ उजाडला. जुन्या पेन्शनसाठी १४ मार्चपासून राज्यभरातील सरकारी-निमसरकारी कर्मचारी संपावर गेले. आम्ही उपकोषागारापाशी पोहोचलो तर दाराबाहेर मांडव, मांडवात सतरंज्या, आणि ज्यांच्या टेबलापाशी आम्हाला जावयाचे ती सगळी माणसे सतरंजीवर! मी तेव्हा अकरावीत होते. खरे सांगते, मला अतिशय राग आला. पेन्शनसाठी बसलेल्या माणसांमुळेच आमची पेन्शन अडली, असे मला वाटले. आईला मात्र राग आला नाही. ती म्हणाली, "तुझे बाबा असते तर इथंच बसले असते."

त्या मांडवात बाबांच्या ओळखीचे एक लेखा लिपिक होते. निवृत्तीला आलेले, छातीला संघटनेचा बिल्ला. ते उठून आमच्याकडे आले. "वहिनी, आज मला आत जाता यायचं नाही आणि कागदावर सहीही करता यायची नाही. पण बघायला काय जातंय? द्या इकडे." त्यांनी सतरंजीवरच कागद पसरले. कोणत्या कागदावर काय लिहावयाचे, ते एका घोषणापत्रकाच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हाताने लिहून दिले. मग विचारले, "अंतिम मंजुरी येईपर्यंत तुमच्या कार्यालयाला तात्पुरतं निवृत्तिवेतन देता येतं. अर्ज केला होता का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहिले. सात महिन्यांत हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. संप २० मार्चला मिटला. जूनमध्ये आईचे पैसे सुरू झाले.

मी नंतर एकदा त्या काकांना विचारले, की तुम्हाला ठाऊक होते ते आमच्या कार्यालयातल्या माणसाला कसे ठाऊक नव्हते? ते म्हणाले, "मला एका म्हाताऱ्या हेडक्लार्कनं शिकवलं. त्याला तसा कोणी भेटला नसेल."

या उत्तराने मला जितका विचार करावयास लावले तितका राज्यशास्त्राच्या एखाद्या प्रश्नानेही लावला नसेल. एका विधवेचा सात महिन्यांचा घास जर म्हातारा हेडक्लार्क भेटण्या-न भेटण्यावर अवलंबून असेल, तर मग इतकी मोठी संघटना, तिचा तो फलक आणि तिच्या सभा यांचे काम कोणते?

कोणी लगेच म्हणेल, की संघटना पगारासाठी असते. शिकवणे हे सरकारचे काम. विभागीय परीक्षा आहेत, लेखा लिपिकांची परीक्षा आहे, प्रशिक्षणे आहेत. हे खरे आहे, आणि संघटनांनी पगारासाठी जे केले ते मी कमी लेखीत नाही. १९७७च्या डिसेंबरात महाराष्ट्रातील कर्मचाऱ्यांनी र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली ५४ दिवसांचा संप केला. चोपन्न दिवस बिनपगारी बसणे म्हणजे काय, हे हातावर पोट असलेल्या घरातील मुलीला सांगावे लागत नाही. आज शिपायाच्या घरातली पोर कॉलेजात बसली आहे, ती त्या पगारावर. तेव्हा संघटनेवर टीका करताना ही गोष्ट विसरले तर मी कृतघ्न ठरेन.

इतकेच काय, सरकारी नोकरांना संघटना करण्याचा जो हक्क आज आपण गृहीत धरतो, त्याच्या इतिहासात हिशेबनिसांचे एक मानाचे पान आहे. मूलभूत हक्कांचा पाठ चालू असताना आमच्या सरांनी एका खटल्याचा उल्लेख केला. ओ. के. घोष विरुद्ध ई. एक्स. जोसेफ. मला वाटले होते जोसेफ म्हणजे कोणी मोठा पुढारी असेल. तो निघाला मुंबईच्या महालेखापाल कार्यालयातील कर्मचारी! हिशेब तपासणाऱ्यांच्या संघटनेचा तो चिटणीस. त्या लेखा-कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय संघटनेला केंद्र सरकारने १९५६ साली मान्यता दिली होती. १९५९च्या मे महिन्यात ती काढून घेतली. तेव्हाचा वर्तणूक नियम असा, की मान्यता नसलेल्या संघटनेत सरकारी नोकराने राहता कामा नये. जोसेफने संघटना सोडली नाही. १९६०च्या जुलैत केंद्रीय कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्याच्या तयारीतल्या निदर्शनांत भाग घेतला आणि मान्यता गेलेल्या संघटनेत राहिला, असे आरोपपत्र त्याच्यावर ठेवण्यात आले. खटला मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३० ऑक्टोबर १९६२ रोजी निकाल लागला. निकाल लिहिला होता न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, आपल्या साताऱ्याचे. नागरिक सरकारी नोकरीत शिरला म्हणून मूलभूत हक्क दाराबाहेर ठेवून येत नाही. संघटना करण्याच्या हक्कावर निर्बंध घालावयाचा तर तो सार्वजनिक सुव्यवस्थेसारख्या घटनेत सांगितलेल्या कारणासाठीच घालता येईल. सरकारने मान्यता दिली की नाही याचा सुव्यवस्थेशी निकटचा संबंध दाखवता येत नाही. म्हणून तो नियम रद्द. निदर्शनांवरची सरसकट बंदीही रद्द. संपावरची बंदी मात्र न्यायालयाने राहू दिली.

मला या खटल्यातील एक गोष्ट फार विलक्षण वाटते. सरकारचा पैसा तपासणारा माणूस सरकारविरुद्ध उभा राहिला, तो सरकारचाच नोकर होता, आणि तरी तो जिंकला. याचा अर्थ असा, की हिशेबनिसांच्या संघटनेला सरकारच्या मर्जीवर जगावे लागत नाही. हे केवढे बळ! पण ते आपण वापरतो कशासाठी?

येथे आता चाईबासाची आठवण काढणे भाग आहे. हे गाव तेव्हाच्या बिहारात, आज झारखंडात आहे. जानेवारी १९९६ मध्ये तेथील उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याच्या कार्यालयांवर छापे घातले आणि चारा घोटाळा उघडकीस आला. सुमारे साडेनऊशे कोटींचा हा घोटाळा. गुरांना न दिलेला चारा, न दिलेली औषधे, यांची खोटी देयके करून कोषागारांतून पैसा काढला गेला. अंदाजपत्रकात जितकी तरतूद होती त्याच्या कितीतरी पट रकमा बाहेर पडल्या. पुढे शिक्षा झालेल्यांत मंत्री होते, पुरवठादार होते आणि कोषागारातील अधिकारीही होते.

बाबांच्या त्या चौघांच्या साखळीचे तेथे काय झाले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. देयक कोषागारात आले की तरतूद शिल्लक आहे की नाही ते पाहावयाचेच असते. टेबलावर बसलेल्या प्रत्येकालाच वाटा मिळत असेल असे मला वाटत नाही. एखादा साधा लिपिक असा असेलच, की ज्याला आकडा पाहून धस्स झाले. त्याने काय करावयाचे? आक्षेप लिहिला तर बदली. वरिष्ठाकडे गेला तर वरिष्ठ त्या पंगतीत बसलेला. घरी बायको म्हणणार, गप्प बसा. संघटनेकडे जावे, तर संघटनेच्या मागण्यांच्या यादीत 'आक्षेप घेणाऱ्याला संरक्षण द्या' ही मागणी असेल तर ना! मग तो आक्षेप न लिहिता देयक पुढे सरकवतो.

आणि तसाच दुसरा एखादा लिपिक आमच्या आईच्या कागदावर तीन वेळा आक्षेप लिहितो. मित्रहो, मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत. बड्या देयकावर आक्षेप घ्यावयास भीती वाटते; विधवेच्या कागदावर आक्षेप घ्यावयास काहीच लागत नाही. उलट, 'त्रुटी' असे लिहिले की आपण सुरक्षित. उद्या लेखापरीक्षणात काही निघाले तर आपल्या अंगावर यावयाचे नाही. दोन्ही ठिकाणी माणूस एकटा आहे. नियमाची खात्री नाही म्हणून एकटा, आणि पाठीशी कोणी नाही म्हणूनही एकटा. तो लबाडच असतो असे म्हणून भागणार नाही. आमचा कागद अडवणारा माणूस पैसे मागत नव्हता हे मी शपथेवर सांगेन. त्याने मागितले असते तर आईने कोठूनतरी आणून दिले असते आणि प्रकरण लवकर मिटले असते, असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येते हे केवढे दुर्दैव!

याच कामाच्या निराळ्या तऱ्हेच्या संघटना परदेशांत जुन्या आहेत. इंग्लंडात नगरपालिकांचे खजिनदार आणि हिशेबनीस १८८५ साली एकत्र आले. त्यांच्या संस्थेला १९५९ साली राजसनद मिळाली आणि १९७३ पासून ती सार्वजनिक वित्त व लेखा यांची सनदी संस्था म्हणून ओळखली जाते. ती परीक्षा घेते, हिशेब कसे मांडावेत याचे दंडक घालून देते, आणि सभासदाने धंद्याला काळिमा फासला तर त्याची चौकशीही करते. अमेरिकेत व कॅनडात सरकारी वित्त अधिकाऱ्यांची संघटना १९०६ पासून आहे, तिचे कार्यालय शिकागोला. एखाद्या शहराने आपला वार्षिक हिशेब लोकांना समजेल असा आणि पुरता मांडला, तर ही संघटना त्या शहराला प्रमाणपत्र देते. हा प्रघात १९४५ पासूनचा. या अहवालाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे एकत्र उच्चारली की दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांना दिली जाणारी एक शिवी ऐकू येई. हे ध्यानात आल्यावर २०२१ साली संघटनेने तो शब्द टाकून दिला आणि त्याच वर्षी हिशेबाचे दंडक ठरवणाऱ्या मंडळानेही नवे नाव घेतले. गोष्ट किरकोळ म्हणा, पण आपल्या कामाच्या शब्दाचीसुद्धा लाज बाळगणारी संघटना असू शकते, हे मला नवीन होते.

तरीही परदेशचे सर्व काही सोन्याचे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात डिक्सन नावाचे गाव आहे, वस्ती सोळा हजारांच्या आसपास. आपल्या एखाद्या लहानशा नगरपालिकेएवढे. तेथील हिशेब पाहणाऱ्या रिटा क्रंडवेल या बाईंनी १९९० साली गावाच्या नावाने बँकेत एक गुपित खाते उघडले आणि दोन दशकांत गावाचे पाच कोटी डॉलरांहून अधिक पैसे त्यात वळवून त्यांतून उमदे घोडे पाळले. गावात रस्ते दुरुस्तीला पैसे नाहीत आणि हिशेबनिसीणबाईंचे घोडे देशभर बक्षिसे मिळवताहेत! बाहेरचे लेखापरीक्षक दर वर्षी तपासून जात. देशात शंभर वर्षांची जुनी संघटना होती, परीक्षा होत्या, दंडक होते. तरी हे चालले, कारण टपाल उघडणे, बँकेत भरणे, धनादेश काढणे, हिशेब लिहिणे, सगळे एकट्या बाईंच्या हाती. (बाबांचे वाक्य!) २०११ साली त्या लांब रजेवर गेल्या. त्यांच्या जागी काम पाहणाऱ्या नगरपालिकेच्या कारकून बाईंनी बँकेकडून सगळी विवरणे मागवली, त्यांत ते अनोळखी खाते दिसले, आणि त्या सरळ महापौरांकडे गेल्या. २०१२ साली क्रंडवेल यांना अटक झाली आणि २०१३ साली साडेएकोणीस वर्षांची शिक्षा.

ज्यांना संघटना म्हणजे जादूची कांडी वाटते त्यांनी डिक्सन ध्यानात ठेवावे. पण मला त्या गोष्टीतून आणखी एक दिसते. पैसा वाचवला तो मोठ्या पदवीच्या माणसाने नव्हे, एका कारकुनाने. आणि परदेशांतील त्या नामांकित संघटना आहेत प्रामुख्याने अधिकाऱ्यांच्या, परीक्षा उत्तीर्णांच्या. आपल्याकडेही १९९६ साली दिल्लीत सार्वजनिक लेखापरीक्षकांची एक संस्था निघाली. तिच्यामागे लेखापरीक्षा खात्यातील अनुभवी, बहुतांशी निवृत्त मंडळी. त्यांचे ज्ञान अफाट असणार. पण आमच्या व्हरांड्यापर्यंत ते पोहोचणार कसे? तेथे बसलेला लिपिक ना त्यांचा सभासद, ना त्यांच्या परिसंवादाचा श्रोता. देयक मात्र त्याच्याच टेबलावर येते.

म्हणजे एकीकडे कामाचा विचार करणारी संस्था आहे, तिच्यात कारकून नाही. दुसरीकडे कारकुनांची संघटना आहे, तिच्यात कामाचा विचार नाही. माझे म्हणणे असे, की ही दुसरीनेच पहिलीचे काम अंगावर घ्यावे. तिच्याकडे प्रत्येक तालुक्यात माणसे आहेत, वर्गणी आहे, मांडव घालण्याची हिंमत आहे, आणि जोसेफने मिळवून दिलेला कायद्याचा आधार आहे. हे अगदीच अशक्य असते तर महाराष्ट्रातील राजपत्रित अधिकारी महासंघाने मागल्या दशकात 'पगारात भागवा' असे अभियान आपल्याच सभासदांत चालवले नसते. पगारवाढ मागणाऱ्या संघटनेनेच 'मिळतो त्या पगारात भागवा, वर हात पसरू नका' असे सांगावे, याला धाडस लागते. किती जणांनी ऐकले ते सोडा. पण 'खाऊ नका' एवढे सांगून पुरत नाही, कारण चाईबासाच्या कोषागारातला आपला तो कल्पनेतला लिपिक खात नसेलही. त्याला हवे आहे ते असे, की त्याने आक्षेप लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी दहा माणसे त्याच्या टेबलामागे उभी राहतील. बदली झाली तर द्वारसभा होईल. महागाई भत्त्यासाठी जशी होते तशीच.

माझी मैत्रीण, जिची आई अंगणवाडी सेविका आहे, ती या मतावर फार हसली. म्हणाली, "अगं, आधी मानधन वेळेवर येऊ दे, मग कामाचा धर्म शिकव." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. पोटाला चिमटा बसला की माणूस आधी पोटाचे बघतो. मी तिला एवढेच विचारले, की तुझ्या आईचे मानधन ज्या देयकावर अडते, ते देयक तपासणाराही कोणत्यातरी संघटनेचा सभासद असेल ना? त्याच्या संघटनेने त्याला दर महिन्याला ते वेळेत काढावयास लावले तर ती मागणी कोणाची झाली, त्याची की तुझ्या आईची? यावर ती गप्प बसली नाही. ती गप्प बसणाऱ्यांतली नाही. "मग सरकारने निधीच पाठवला नाही तर?" म्हणाली. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मार्चअखेर सगळा निधी एकदम येतो आणि अकरा महिने टेबले कोरडी असतात, यात लिपिकाचा दोष नाही. मात्र हेसुद्धा त्या फलकावर कोणीतरी लिहावयास हवे होते, असे मला वाटते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री बारापर्यंत बसून ढिगाने देयके तपासावी लागतात तेव्हा तपासणी कशी होत असेल, हे त्या टेबलावरच्या माणसाइतके कोणाला ठाऊक आहे? तरी त्याची तक्रार असते ती जागरणाची. घाईत काय सुटून जाते, हे तो लिहीत नाही.

मी स्वतः पदवीनंतर लेखा विभागाच्याच परीक्षेला बसणार आहे. आईला वाटते मी शिक्षिका व्हावे. पण बाबा ज्या खिडकीबाहेर टोकन घेऊन उभे राहत त्या खिडकीच्या आत बसण्याची माझी इच्छा आहे. बसले तर संघटनेची वर्गणी पहिल्या पगारातून भरीन. संप झाला तर मांडवातही बसेन.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या काकांना भेटले. ते आता निवृत्त झाले आहेत, पण संघटनेच्या कामासाठी व्हरांड्यात येतात. मी त्यांना म्हटले, की कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद कोणत्या चुकांमुळे परत येतात आणि त्या कशा दुरुस्त करावयाच्या, याची एक यादी तुम्ही सांगा, मी सुवाच्य अक्षरात लिहून काढते, आपण ती फलकावर लावू. येणाऱ्या बाया वाचतील आणि नवे लिपिकही वाचतील. त्यांना कल्पना आवडली. तेथल्या तेथे त्यांनी मला अकरा मुद्दे सांगितले. पहिलाच नावातल्या 'बाई'चा. मग ते फलकापाशी गेले, मागण्यांच्या कागदाखाली वीतभर जागा होती ती बोटांनी मोजून पाहिली आणि म्हणाले, "पोरी, जागा आहे. पण फलक संघटनेचा आहे. सचिवांना विचारावं लागेल."

यादी लिहून मी त्यांच्याकडे दिली आहे. सचिवांचे उत्तर अजून आलेले नाही.